राम-लक्ष्मण

मराठी व हिंदी चित्रपटसृष्टीतील संगीतकार जोडी. ‘राम’ म्हणजे सुरेंद्र हेंद्रे, ‘लक्ष्मण’ म्हणजे विजय पाटील (१६ सप्टेंबर १९४२ – २२ मे २०२१). जोडी म्हणून दोघांच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन वर्षे आली; नाव मात्र त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ पडद्यावर झळकत राहिले. ‘मैंने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’ ही या दोघांची कामगिरी, असे अजूनही अनेकजण धरून चालतात. ती एकट्या पाटलांची आहे. तसेच हे ‘राम’ म्हणजे ‘पिंजरा’चे संगीतकार राम कदम नव्हेत.

पाटील मूळचे नागपूरचे. गाण्याचे पहिले धडे त्यांनी वडील व काका यांच्याकडून घेतले. पियानो आणि अकॉर्डियन ही त्यांच्या हातातली वाद्ये. नशीब काढायला ते मुंबईला गेले, वाद्यवृंदात रमले, आणि तिथून दादा कोंडके यांच्या नजरेत आले. दादांच्या ‘पांडू हवालदार’ने (१९७५) या जोडीचे नाव पडद्यावर आणले. पुढे ‘तुमचं आमचं जमलं’ (१९७६), ‘राम राम गंगाराम’ (१९७७), ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ (१९७८) अशी रांगच लागली. महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर हे या गाण्यांचे ठरलेले आवाज. दादांच्या शब्दांना दोन अर्थ असत, चालीत मात्र काही आडवळण नसे; ती पहिल्याच ऐकण्यात तोंडी बसे. शिष्ट समीक्षकांनी नाके मुरडली, तरी ग्रामीण थिएटरांत या गाण्यांनी जी शिट्ट्यांची दाद मिळवली ती चालीच्या पक्केपणाशिवाय मिळत नाही.

ताराचंद बडजात्या यांच्या राजश्री प्रॉडक्शन्सने ‘एजंट विनोद’साठी (१९७७) या जोडीला घेतले, आणि चित्रपट पडद्यावर येण्याआधीच राम यांचे निधन झाले. लक्ष्मण यांनी जोडीदाराचे नाव गाळले नाही. असे करणारे ते पहिले नव्हेत. १९७१मध्ये जयकिशन गेल्यावर शंकर यांनीही ‘शंकर-जयकिशन’ हेच नाव चालवले होते. पण शंकर-जयकिशन यांचे वैभव दोघे असतानाचे. इथे वैभव आले ते एकजण गेल्यानंतर.

तेही लगेच आले नाही. ‘तराना’ (१९७९) गाजला, ‘हम से बढ़कर कौन’मधले (१९८१) गणपतीचे गाणे दर भाद्रपदात मांडवामांडवांतून वाजू लागले, आणि तरीही पहिल्या फळीतले निर्माते दूरच राहिले. सूरज बडजात्यांच्या पदार्पणाच्या ‘मैंने प्यार किया’ने (१९८९) चित्र पालटले. सलमान खानला एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज, सोबत लता मंगेशकर. कॅसेटच्या जमान्यात ही गाणी टपरीपासून लग्नाच्या वरातीपर्यंत पोहोचली. पाटलांना सर्वोत्कृष्ट संगीतकाराचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. यातल्या एका गाण्यावर स्टीव्ही वंडरची, तर दुसऱ्याच्या सुरुवातीच्या वाद्यमेळावर ‘युरोप’ या स्वीडिश बँडची सरळ छाप आहे, हेही नोंदवायला हवे. उसनवारी त्या काळी सर्रास चाले, पण म्हणून ती उसनवारी राहत नाही असे नाही.

१९९१मध्ये ‘पत्थर के फूल’ आणि ‘१०० डेज’ आले. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) ही मात्र स्वतंत्र कसोटी होती: एकाच चित्रपटात १४ गाणी, आणि कथा त्यांच्याच खांद्यावर. साखरपुडा, डोहाळे, बूट पळवणे अशा घरगुती प्रसंगांना त्यांनी ज्या चाली दिल्या, त्या लग्नघरांनी आपल्याशा करून टाकल्या. त्या वर्षीचा संगीताचा फिल्मफेअर मात्र ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’साठी राहुलदेव बर्मन यांना मरणोत्तर गेला. रचनेच्या तोलात तो निर्णय योग्यच होता. वापराच्या मापात मोजायचे तर पाटील पुढे.

‘हम साथ-साथ हैं’नंतर (१९९९) राजश्रीने वाट बदलली. सूरज बडजात्यांच्या पुढच्या चित्रपटाला अनू मलिक यांचे आणि त्यानंतरच्या ‘विवाह’ला (२००६) रवींद्र जैन यांचे संगीत होते. महाराष्ट्र शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार पाटलांना २०१८मध्ये मिळाला. वयाच्या ७८व्या वर्षी नागपूर येथे त्यांचे निधन झाले.