शर्करायुक्त शीतपेये आणि आपले आरोग्य

भाविक भक्त व ट्रस्टच्या सभासदांच्या माहितीसाठी हा लेख येथे देत आहोत.

सुरत शहराचे शीतपेयांशी जुने नाते आहे. १९२३ साली हजुरी कुटुंबाने विलायती पेयांना स्वदेशी पर्याय म्हणून येथेच सोस्यो सुरू केले. पर्वत पाटिया, गोडादरा, लिंबायत भागांत पाहुण्यापुढे ‘थंडा’ ठेवणे हा आजही आदर समजला जातो. त्या आदरात साखर किती असते, हे मात्र क्वचितच पाहिले जाते.

कोला प्रकारच्या पेयात १०० मिलीलिटरमागे सुमारे १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे ३०० मिलीलिटरच्या बाटलीत सुमारे ३२ ग्रॅम, अर्थात सहा ते सात चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार प्रौढाने दिवसभरात अशी वरून घातलेली साखर सुमारे ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्य तर २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. एक बाटली ही दुसरी मर्यादा ओलांडते. त्यात चहाची साखर धरलेली नाही.

द्रवरूप साखरेने पोट भरल्याची जाणीव होत नाही, म्हणून जेवण कमी होत नाही व वजन वाढते. साखरेतील फ्रुक्टोजचा भार मुख्यतः यकृतावर पडतो आणि अतिरेकाने तेथे चरबी साठते. नित्य सेवनाने मधुमेहाचा धोका वाढतो. पेयातील आम्लाने दातांचे आवरण झिजते. लहान मुले घोट घोट घेत बसतात, तेव्हा ही हानी अधिक होते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. आपल्या भंडाऱ्याच्या पंगतीतही ते बसलेले असतात, याचे भान आयोजकांनी ठेवावे असे आम्हांस वाटते. मठ्ठा, साधे ताक, लिंबू-मीठ पाणी हे पर्याय सोपे व स्वस्त आहेत. पन्हे गुळाचे असले तरी त्यास सूट नाही, गूळही साखरच.

जुलाब झाल्यास शीतपेय देऊ नये, त्यातील साखरेने जुलाब वाढू शकतात, ओआरएस द्यावे. उपवासात मात्र इन्सुलिन अथवा गोळ्या घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीस घाम, थरथर, गोंधळ जाणवू लागला आणि ती शुद्धीवर असेल, तर अर्धा ग्लास साखरेचे शीतपेय तत्काळ द्यावे. तेथे ‘डाएट’ पेय उपयोगी पडत नाही. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही न घालता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.