सलामीची तोफ

वारा नाही तेथे दारू पेटेल कशी, ही शंका मलाही होती. पण फटाक्याच्या दारूतला सोराच जळणास प्राणवायू पुरवतो. तोफेची दारूही आपला प्राणवायू बरोबर नेते. म्हणून ती अंतराळातही उडते. आवाज तेवढा पोहोचत नाही.

सोव्हिएत रशियाने १९७४ च्या जूनमध्ये ‘साल्यूत-३’ हे स्थानक सोडले. साल्यूत म्हणजे सलामी. पण आत तोफ होती! नेम धरण्यास सारे स्थानकच वळवावे लागे. गोळा पुढे सुटला, की स्थानकास मागे धक्का. पाय रोवायला जमीन कोठली? अंतराळवीर जुलैत परतले. तोफ डागली ती जानेवारी १९७५ मध्ये, रिकाम्या स्थानकातून, पृथ्वीवरून हुकूम देऊन.

माणसे घरात असताना जी डागली नाही, ती तोफ घराची राखण कसली करणार?