कोकणची खारभूमी : बांध, उघाडी आणि वाढता समुद्र

भरतीचे खारे पाणी बांध घालून अडविल्यामुळे लागवडीखाली आलेल्या किनाऱ्यावरील सखल जमिनीस खारभूमी म्हणतात. कोकणात अशी जमीन मोठ्या प्रमाणावर असून, अलिबाग व पेण तालुक्यांतील पट्टा ‘खारेपाट’ या नावाने ओळखला जातो. भात हे तेथील मुख्य पीक.

खाडीच्या बाजूस माती-दगडाचा बांध असतो; त्यास बाहेरकाठा म्हणतात. बांधातील दरवाजास उघाडी हे नाव आहे. ओहोटीच्या वेळी आतील पावसाचे पाणी उघाडीतून बाहेर पडते. भरती येताच बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती मिटते. बांधास खांड पडली, की खारे पाणी शेतात शिरते. जमिनीत मुरलेले मीठ पावसाने धुऊन निघण्यास काही वर्षे लागतात. तोवर तेथे कांदळवन वाढले, तर त्यास कायद्याचे संरक्षण असल्याने पुन्हा भातशेती करणे दुरापास्त होते.

त्यामुळे बांध कोणी राखावयाचा, हाच खारभूमीच्या इतिहासातील कळीचा प्रश्न ठरला. पूर्वी बाहेरील बांध घालणारा शिलोत्रदार दुरुस्तीची जबाबदारी घेई व त्याबद्दल शेतकऱ्यांकडून जादा धान्य वसूल करी. पुढे खोती पद्धतीविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली याच परिसरात १९३३ ते १९३९ असा चरीचा शेतकरी संप झाला. स्वातंत्र्यानंतर, १९४८च्या मुंबई खारजमीन कायद्याने व पुढे १९७९च्या महाराष्ट्र खारभूमी विकास कायद्याने ही जबाबदारी शासकीय यंत्रणेकडे आली. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सहन करणारे भाताचे वाणही विकसित केले.

नेदरलँड्समध्ये बांधांची देखभाल शतकानुशतके स्थानिक जलमंडळांकडे आहे. ती स्वतंत्र कर आकारतात. तरीही १९५३च्या सागरी पुरात तेथे १,८३६ जणांचा बळी गेला. त्यानंतर त्या देशाने ‘डेल्टा’ प्रकल्प उभारला. भारतात सागरी लाटा व भरती-ओहोटीचा अभ्यास प्रतिकृतींच्या साहाय्याने करणारी प्रमुख संस्था पुण्याजवळ आहे : १९१६मध्ये स्थापन झालेले खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र.

१९०१ ते २०१८ या काळात जगातील सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. ही वाढ सुरूच असल्याने जुन्या उंचीचे बांध अपुरे पडण्याचा धोका वाढतो. तंत्रज्ञान उपलब्ध आहे. मात्र दरवर्षीच्या डागडुजीची निश्चित जबाबदारी व त्यासाठी नियमित निधी नसेल, तर नवा बांधही फार काळ टिकत नाही.