गोंदलेला हात आणि बाईचा आवाज

गोंदणावरचा माहितीपट बहुधा हातापासून सुरू होतो. पडदाभर हिरवे टिपके, तुळस, मोर. मग कॅमेरा मागे सरकतो आणि सुरकुतलेला चेहरा दिसतो. सुरुवात देखणी असते. पण ती बाई बोलते कधी?

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गल्लीत एक म्हातारी शेजारीण होती. आमच्या घरात गोंदणं निषिद्ध, म्हणून लहानपणी मी तिच्या हातावरचे टिपके मोजत बसे. काजळी, सुयांची जुडी आणि वर हळद, एवढंच ते शास्त्र. ती म्हणायची, "लेकरा, मेल्यावर दागिने काढून घेतेत. हे तेवढं संगं येतंय."

मुंबईत १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं. थिएटरात मुख्य सिनेमाआधी त्याचे माहितीपट लागत. दिसत माणसं, बोलत मात्र बहुधा निवेदकच. ब्रिटनमध्ये १९३५च्या 'हाउसिंग प्रॉब्लेम्स'मध्ये गरीब वस्तीतली माणसं कॅमेऱ्यासमोर स्वतः बोलली होती. आपल्याकडे १९६७च्या 'आय ॲम ट्वेंटी'त एस. एन. एस. शास्त्रींनी स्वातंत्र्याच्या साली जन्मलेल्या तरुणांना बोलू दिलं.

आमच्या घरच्या एका लग्नाच्या फोटोत शेजारणीचा हात आहे. आवाज कुठंच नाही. मीही तो जपला नाही. नक्षी डोळ्यांना दिसते. त्यामागची कळ, हौस की सक्ती, हे ऐकावं लागतं. आता घरोघरी मोबाइल आहे. आजीच्या हाताचा फोटो काढण्याआधी तिला बोलतं करा. चित्र मागून येऊ द्या.