मरणखुणेचे अनुकरण

मरणखुणेचे अनुकरण : मरणाऱ्या पेशीच्या अंगावर उमटणारी खूण स्वतः धारण करून, किंवा सोयीप्रमाणे ती दडवून, शरीरात शिरकाव करण्याची काही विषाणूंची व परजीवींची रीत. मुखेड (जि. नांदेड) आणि लातूरकडच्या पट्ट्यात पावसाळा सरताना डोके वर काढणाऱ्या डेंग्यू व चिकुनगुन्या या दोन्ही तापांच्या विषाणूंत ती आढळते.

माणसाच्या शरीरात रोज अब्जावधी पेशी ठरल्याप्रमाणे मरतात. केर, वायली व करी यांनी 1972 मध्ये या नियोजित मरणाला अ‍ॅपॉप्टोसिस असे नाव दिले. जिवंत पेशीचे पटल दुपदरी असते आणि फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा मेद त्याच्या आतल्या पदरात राखलेला असतो. ही राखण करायला पेशी सतत ऊर्जा खर्च करते. मरणक्रिया सुरू झाली की कॅस्पेज विकरे ती राखण मोडतात व मेद बाहेर येतो. टिम-1 हे ग्राही प्रथिन त्याला थेट धरते, अ‍ॅक्सल व मर ही प्रथिने गॅस-6 या दुव्यामार्फत धरतात, आणि मेलेली पेशी गिळली जाते. हे सारे निमूटपणे होते. भक्षक पेशी या वेळी दाह निर्माण करणारी द्रव्ये आवरून धरतात, कारण रोजच्या या सफाईत दाह उसळला तर शरीर स्वतःच्याच ऊतींना इजा करील. आत शिरण्याच्या वाटेपेक्षाही हा निमूटपणा विषाणूला अधिक लाभतो, असे म्हणावे लागेल.

विषाणूला मेद बनवता येत नाही. ज्या पेशीत तो वाढतो तिच्याच पटलाचा तुकडा पांघरून अनेक विषाणू बाहेर पडतात आणि त्याबरोबर ही खूणही येते. मर्सर व हेलेनियस यांनी 2008 मध्ये व्हॅक्सिनिया विषाणूत हे दाखवले. 2012 मध्ये पॅरिसमधील अली अमारा यांच्या गटाने डेंग्यूचा विषाणू टिम व टॅम (अ‍ॅक्सल, मर इत्यादी) गटांच्या ग्राहींमधून पेशीत शिरतो हे सिद्ध केले. चिकुनगुन्याच्या विषाणूचा मुख्य ग्राही एमएक्सआरए-8 असल्याचे 2018 मध्ये कळले. टिम-1 ही त्याची जोडवाट. शिवाय हा विषाणू पेशीला खरोखरच मरायला लावतो, आणि तिच्यापासून सुटणाऱ्या बुडबुड्यांत बसून शेजारच्या पेशींत पोचतो. हे निरीक्षण 2011 मध्ये रियुनियन बेटावरील संशोधकांनी मांडले.

त्या बेटावरची 2005-06 ची चिकुनगुन्याची साथ आणि त्याच सुमारास महाराष्ट्रात पसरलेली साथ एकाच आफ्रिकी वंशाच्या विषाणूची होती. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी भागात 1973 मध्ये आलेली साथ मात्र आशियाई वंशाची. मधली तीन दशके हा आजार जवळपास विसरला गेला होता; 2006 मध्ये देशभरात सुमारे 13.9 लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या मुखेडसारख्या तालुक्यांत नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून ते रांजणात, टाकीत, हौदात साठवावे लागते, आणि हे दोन्ही ताप पसरवणारा एडिस इजिप्ती डास नेमका अशाच साठ्यात अंडी घालतो. लोकांच्या निष्काळजीपणाला दोष देताना ही टंचाई नजरेआड करणे अन्यायाचे आहे.

परजीवींत त्वचेवर व्रण उठवणारा लीशमॅनिया अंगावर हाच मेद दाखवून भक्षक पेशीच्या पोटात शिरतो व तिथेच वाढतो (ब्राझीलमधील संशोधन, 2001). हिवतापाचा परजीवी याच्या नेमके उलट वागतो. ज्या यकृतपेशीत तो वाढला ती मरू लागली, तरी तिची मरणखूण तो बाहेर येऊ देत नाही. त्यामुळे परजीवींनी भरलेल्या पिशव्या यकृतातल्या भक्षक पेशींना चुकवून रक्तात उतरतात. हॅम्बुर्ग येथील संशोधकांनी 2006 मध्ये हे उलगडले.

उपचार म्हणून या मेदाला चिकटणारी प्रतिपिंडे प्राण्यांवर तपासली गेली आहेत. अडचण अशी, की हीच खूण शरीराच्या मरणाऱ्या पेशींवर आणि रक्त साकळताना सक्रिय झालेल्या बिंबाणूंवरही असते, त्यामुळे तिच्यावर सरसकट मारा करता येत नाही. डेंग्यू व चिकुनगुन्या या दोन्हींवर विषाणूनाशक औषध अद्याप प्रचलित नाही. उपचार लक्षणांवरच होतात. डेंग्यूची शक्यता मिटेपर्यंत अ‍ॅस्पिरिन व आयबुप्रोफेन टाळून पॅरासिटॅमॉल देतात.