धोतरा, गरमर आणि मूत्राशयाचा स्नायू: आलेख एक, वाटा दोन

उमरग्यात सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या कडेला, उकिरड्याजवळ, पडीक जागेत धोतरा उगवलेला दिसतो. महाशिवरात्रीला आपण तो महादेवाला वाहतो. तोच पोटात गेला तर काय होतं, हेही गावात माहीत असतं: तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, लघवी अडकते. यातलं शेवटचं लक्षण आज आपल्या कामाचं आहे. ‘अमुक वनस्पतीच्या अर्काचा मूत्राशयाच्या स्नायूवर परिणाम’ असा विषय घ्यायचं तुमच्या मनात असेल, तर सिनॉप्सिस लिहिण्याआधी हा इतिहास बघून घ्या.

धोतऱ्याच्याच कुळातल्या बेलाडोनातून अ‍ॅट्रोपिन वेगळं केल्याचं गायगर आणि हेस यांनी 1833 मध्ये प्रसिद्ध केलं. मूत्राशयाच्या भिंतीतल्या स्नायूला डिट्रुसर म्हणतात. मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन सुटतं, स्नायूपेशीवरच्या मस्करिनिक रिसेप्टरवर बसतं, पेशीत कॅल्शियम वाढतं आणि स्नायू आकुंचन पावतो. अ‍ॅट्रोपिन ती जागाच अडवून बसतं. म्हणून लघवी अडकते.

गोष्ट इथे संपली असती. पण 1895 मध्ये लँगली आणि अँडरसन यांना प्राण्यांवरच्या प्रयोगात दिसलं, की अ‍ॅट्रोपिन देऊनही मज्जातंतू उत्तेजित केला तर मूत्राशय आकुंचन पावतोच. आपल्यापैकी किती जणांनी अशा वेळी ‘डोस कमी पडला असेल’ म्हणून वही मिटली असती? त्यांनी निरीक्षण नोंदवलं. पुढे 1970 च्या दशकात जेफ्री बर्नस्टॉक यांनी त्याचं उत्तर मांडलं: हे मज्जातंतू अ‍ॅसिटिलकोलिनबरोबर एटीपीही सोडतात. गिनीपिग, उंदीर यांच्यात एटीपीचा वाटा मोठा असतो, तर निरोगी माणसात मुख्य काम अ‍ॅसिटिलकोलिनचं. म्हणजे प्राणी कोणता निवडला, यावरही तुमचं उत्तर ठरतं.

दुसरी वनस्पती गरमर, म्हणजे कोलियस फोर्सकोहली. गुजरातेत तिच्या मुळांचं लोणचं घालतात. मुंबईत मुलुंडला हेक्स्ट कंपनीचं संशोधन केंद्र होतं. तिथे भट, बाजवा, डिसूझा आणि सहकाऱ्यांनी या मुळांमधला फोर्सकोलिन हा घटक वेगळा केला आणि 1977 मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. त्यांचा शोध रक्तदाब आणि हृदयासाठीच्या औषधाचा होता, मूत्राशयाचा नव्हे. 1981 मध्ये अमेरिकेत सीमन, पॅजेट आणि डेली यांनी दाखवलं, की फोर्सकोलिन अ‍ॅडेनिलेट सायक्लेज हे एन्झाइम थेट जागं करतं. पेशीत सायक्लिक एएमपी वाढतं आणि गुळगुळीत स्नायू सैल पडतो. डिट्रुसरही पडतो. पुढे फोर्सकोलिन जगभरच्या प्रयोगशाळांत एक हत्यार म्हणूनच वापरलं जाऊ लागलं.

आता दोन्ही एकत्र ठेवून बघा. ऑर्गन बाथमध्ये डिट्रुसरची पट्टी टांगली, कार्बाकोलने आकुंचित केली आणि वरून अ‍ॅट्रोपिन किंवा फोर्सकोलिन टाकलं, तर दोन्ही वेळा आलेख खालीच येतो. पण एक बाहेरचं दार अडवतं, दुसरं आत शिरून काम करतं. नुसत्या आलेखावरून हा फरक कळत नाही.

म्हणून ‘अर्काने स्नायू सैल झाला’ हा निष्कर्ष नाही, ती सुरुवात आहे. पोटॅशियम क्लोराइड रिसेप्टरला वळसा घालून आकुंचन घडवतं. तुमचा अर्क फक्त कार्बाकोलला थोपवतो की पोटॅशियमलाही? धुऊन काढल्यावर स्नायू पूर्ववत होतो, की अर्काने पेशीच मारल्या? नुसतं द्रावक टाकलं तर काय होतं? अर्कात शेकडो घटक असतात, त्यातला नेमका कोणता काम करतोय?

हे प्रश्न गाईडने विचारायच्या आधी स्वतःला विचारा. आणि एखाद्या दिवशी आलेख अपेक्षेप्रमाणे खाली आलाच नाही, तर तो कागद फाडू नका. तारीख घालून वहीत चिकटवा.