डोंगरमाथ्यावरच्या बॅटरीची खबर

मंडळी, मुळशी म्हटलं की आम्हा इतिहासवाल्यांना आधी 1921 आठवतं. त्या वर्षी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला आणि पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले. धरण झालंच. पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरलं आणि 1927 पासून तिथली वीज मुंबईकडे निघाली. म्हणजे वीज एकीकडे, तिचा हिशेब ठेवणारा दुसरीकडे. आज आपल्याला याच अंतराचा इतिहास बघायचाय, पण फार छोट्या यंत्राच्या निमित्तानं.

हे यंत्र म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा रिपीटर. मुळशीसारख्या मुलखात हातातल्या वॉकीटॉकीचा आवाज पलीकडच्या खोऱ्यात पोचत नाही. म्हणून माथ्यावर रिपीटर ठेवायचा. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर बोलतो. वर विजेची तार नसेल तर सौर पॅनेल आणि 12 व्होल्टची बॅटरी. आता गंमत बघा. दरड कोसळते, वीज जाते, मोबाइल बंद पडतो ते आषाढ-श्रावणात. रिपीटर तेव्हाच हवा असतो, आणि तेव्हाच ऊन नसतं, वर जायची वाटही धड नसते. मग बॅटरी जिवंत आहे की नाही, हे खाली बसून कळायचं कसं?

हा प्रश्न आधी अवकाशात सुटला. 1958 च्या मार्चमध्ये अमेरिकेनं व्हॅनगार्ड-1 सोडला. त्यातला बॅटरीवरचा ट्रान्समीटर जूनमध्ये थांबला, सौर घटांवरचा 1964 पर्यंत बोलत राहिला. 1961 च्या डिसेंबरात हौशी मंडळींचा पहिला उपग्रह ऑस्कर-1 गेला. तो मोर्समध्ये फक्त 'हाय' म्हणायचा. पण त्या 'हाय'ची गती तापमानाप्रमाणे बदलायची. घड्याळ लावून ऐकणाऱ्याला आतली ऊब कळत होती. नमस्कारातच खुशाली!

आपला हॅमसॅट 2005 मध्ये गेला. 2014 मध्ये त्याच्या बॅटरीनं दगा दिला आणि तो थांबला. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' 2016 मध्ये गेला, तोही हौशी रेडिओसाठीच. आज डोंगरावरच्या रिपीटरसाठी लागणारी साधनं स्वस्त आहेत. बॉब ब्रुनिंगा यांच्या एपीआरएस पद्धतीत एका छोट्या संदेशात पाच मोजमापं जातात: व्होल्टेज, पॅनेलचा करंट, तापमान, जे हवं ते.

पण आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. आकडा आला म्हणून सत्य कळलं, असं आम्ही मानत नाही. दुपारी ऊन असताना 13.8 व्होल्ट दिसतात, ते चार्जिंगचे असतात, बॅटरीचे नव्हेत. शिशाच्या बॅटरीची खरी परीक्षा पहाटे, पॅनेल झोपलेलं असताना आणि रिपीटर गप्प असताना. तेव्हा साडेबाराच्या वर असेल तर ठीक. 12 च्या आसपास आली की ती जवळजवळ रिकामी समजायची. एका आकड्यापेक्षा सलग आठवड्याच्या पहाटा जास्त सांगतात. रोज थोडी उतरत असेल तर पावसाची झड चालू असतानाच सावध व्हायचं.

आणि आकडाच आला नाही तर? गप्प बसणं दोन प्रकारचं असतं: बोलण्यासारखं काही नाही, किंवा बोलायची ताकद नाही. ठरल्या वेळी खबर आलीच पाहिजे, हा नियम या दोन्हींना वेगळं करतो. तरी घाईनं तेरावं घालू नये. ऑस्कर-7 हा 1974 चा उपग्रह 1981 मध्ये बॅटरी शॉर्ट होऊन मेला, असं सगळ्यांनी धरलं होतं. 2002 मध्ये तो पुन्हा ऐकू आला. ते शॉर्ट सुटलं होतं आणि तो नुसत्या पॅनेलवर चालत होता. उन्हात बोलायचा, सावलीत गप्प.

मुळशीच्या विजेचा हिशेब दूरच्यांनी दूरच्यांसाठी ठेवला. माथ्यावरच्या बॅटरीचा आकडा मात्र ज्याला आवाज देता यावा म्हणून घ्यायचा, तो माणूस खोऱ्यातच राहतो. लांबून बघणारा बघतो कुणासाठी, हे आधी विचारावं. व्होल्ट नंतर मोजावेत.

इथे थांबतो आम्ही. प्रश्न असतील तर जरूर विचारा.